डिस्क भरली, काटा थांबला: सर्व्हरवरच्या फायलींवर लक्ष कसं ठेवता?

काट्यावरचा · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याचा संगणक विभाग मी बघतो. विभाग म्हणजे मी आणि नुकताच डिप्लोमा झालेला एक पोरगा. सर्व्हर चार: तीन लिनक्स, एक विंडोज. गेल्या गुरुवारी पहाटे २:५० ला उसाच्या वजनकाट्यावरच्या क्लार्कचा फोन आला. "साहेब, पावती निघंना झालीया. गाड्या पार डांबरीवर गेल्यात." हंगाम ऐन भरात. तोडलेल्या उसाचं वजन आणि साखर दोन्ही वेळ जाईल तसं उतरतं, त्यामुळे गेटाबाहेर अडकलेला ट्रॅक्टरवाला आपल्याकडे कसा बघतो ते ज्याने बघितलंय त्यालाच कळेल.

घरून लॉगिन केलं तर काट्याच्या सर्व्हरची रूट (मुख्य) डिस्क, ४० जीबीची, १०० टक्के भरलेली. डेटाबेसला लिहायला जागा नाही, म्हणून पावतीचा नंबरच पडत नव्हता. शोधता शोधता काट्याच्या प्रोग्रॅमचा लॉग (तो काय करतो त्याच्या नोंदींची फाइल) सापडला, २७ जीबीचा. हंगामाच्या सुरुवातीला एका काट्याचं रीडिंग उड्या मारत होतं, तेव्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या माणसाने डीबग लॉग (चूक शोधायला बारीकसारीक नोंदी) चालू केला आणि तो तसाच ठेवून गेला. इंडिकेटरकडून सेकंदाला १० रीडिंग येतात, काटे दोन, दर रीडिंगमागे लॉगमध्ये साधारण ५०० बाइट. दिवसाला ८६४ एमबी झाले. महिन्यात २७ जीबी. हा हिशोब चौथीतला पोरगाही करेल, फक्त कोणीतरी करायला हवा होता.

आरएम (फाइल उडवायची आज्ञा) मारून फाइल उडवली. डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी आज्ञा) बघितलं, १०० टक्के. परत बघितलं, तेच. फाइल गायब, जागा मात्र येईना. शेवटी सर्व्हरच रीस्टार्ट केला तेव्हा आली. काटा एकूण १ तास २० मिनिटं बंद. सकाळी शेतकी अधिकाऱ्यांपासून वरपर्यंत सगळ्यांनी यथासांग पूजा केली.

तर, फाइल उडवूनही जागा का आली नाही? आणि अमुक फाइल किंवा अमुक फोल्डर फुगायला लागला की आपोआप कळावं यासाठी तुम्ही काय लावलंय? बजेट शून्य धरा. कारखान्यातलं इंटरनेट पावसाळी विजेसारखं आहे, असलं तर असलं.

चहाबिस्किट · सोमवार, रात्री ९:५२

साखर कारखान्यात काट्यावर फुगवाफुगवी होते ऐकलं होतं, लॉगचीही होते हे नवीन.

(मजा केली हो. वाचतोय.)

जुना_पेंग्विन · सोमवार, रात्री १०:३०

आधी पहिला प्रश्न. आरएम फक्त फोल्डरमधलं नाव खोडतं. काट्याचा प्रोग्रॅम ती फाइल उघडून बसला होता. जोवर एक तरी प्रोसेस फाइल धरून आहे तोवर कर्नल (लिनक्सचा गाभा) तिचे ब्लॉक सोडत नाही. म्हणून डीयू (फोल्डरचा आकार मोजणारी आज्ञा) म्हणतो "माझ्याकडे काही नाही" (तो नावं मोजत फिरतो) आणि डीएफ म्हणतो "भरलंय" (तो फाइल सिस्टिमला विचारतो). दोघांच्या आकड्यांत मोठी तफावत दिसली की पहिला संशय हाच घ्यायचा. एलएसओएफ या आज्ञेला अधिक-एल-१ हा पर्याय दिला की नाव खोडलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फायलींची यादी येते, प्रोसेसच्या नंबरासकट. नुसता काट्याचा प्रोग्रॅम रीस्टार्ट केला असता तरी भागलं असतं. पूर्ण सर्व्हर पाडायची गरज नव्हती.

पुढच्या वेळी चालू लॉग उडवू नका, ट्रंकेट करून शून्यावर आणा. त्यातही मेख आहे. प्रोग्रॅमने फाइल अपेंड मोडमध्ये (कायम शेवटी जोडायची अशी) उघडलेली नसेल, तर कापल्यावरही तो जुन्याच जागेपासून, म्हणजे २७ जीबीच्या पुढे लिहीत राहतो. मधला भाग पोकळ राहतो. एलएसला फाइल २७ जीबीची दिसते, डीयूला काही एमबीची. अशी फाइल बघून माझ्या एका ज्युनिअरने ट्रंकेट चालत नाही असं समजून तीनदा कापली होती.

आणि एक. एक्स्ट-४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये मुळात ५ टक्के जागा रूटसाठी (सगळे अधिकार असलेल्या युजरसाठी) राखीव असते, तुमच्या ४० जीबीत २ जीबी. साधारण प्रोग्रॅमला डिस्क भरली वाटली तरी तेवढी शिल्लक असते, आत शिरून साफसफाई करायला. तुमची तीही संपली असेल तर काट्याचा प्रोग्रॅम रूट म्हणून चालतोय. ते आधी बदला.

काट्यावरचा · सोमवार, रात्री १०:४१

रूट म्हणूनच चालतोय. सॉफ्टवेअरवाल्यांचं म्हणणं, सिरियल पोर्ट वाचायला लागतं.

जुना_पेंग्विन · सोमवार, रात्री १०:४४

डायलआउट ग्रुपमध्ये युजर घाला म्हणावं. बहुतेक लिनक्सवर सिरियल पोर्ट त्याच ग्रुपकडे असतो. काय ही माणसं.

पहाटेची_ड्यूटी · मंगळवार, सकाळी ७:१५

रात्रपाळी संपवून टंकतेय, शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करा.

काट्यावरचा, एक विचारू? तुमच्याकडे आधीपासून काहीच अलर्ट नव्हता? ४० जीबीची डिस्क महिनाभर भरत होती आणि एकही मेल आला नाही, हे मला पटत नाही.

काट्यावरचा · मंगळवार, सकाळी ९:०५

ताई, पकडलंत.

होता. माझ्या आधीच्यांनी लावलेली क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) स्क्रिप्ट होती, ८० टक्क्यांच्या वर गेलं की दर तासाला मेल. चारही सर्व्हरचे मेल एकाच पत्त्यावर. त्यातला विंडोजचा बॅकअपवाला सर्व्हर गेली दोन वर्षं ८३ टक्क्यांवर सुखाने नांदतोय. दिवसाला २४ मेल त्याचेच. मी मेलबॉक्सात नियम करून ते सगळे एका फोल्डरात ढकलले होते. गुरुवारी सकाळी तो फोल्डर उघडला. काट्याच्या सर्व्हरचे तब्बल नऊ-दहा दिवसांचे मेल त्यात पडले होते, न वाचलेले.

हे वर सांगितलं नव्हतं कारण लाज वाटली.

पहाटेची_ड्यूटी · मंगळवार, सकाळी ९:३०

लाज कसली, आम्ही सगळ्यांनी हे केलंय. पण म्हणूनच तुमच्या प्रश्नाचं उत्तर बदलतं. तुमच्याकडे अलर्ट कमी नव्हते, जास्त होते.

टक्केवारीचा उंबरठा ही गोष्टच मला आवडत नाही. ४० जीबीच्या डिस्कवर १० टक्के शिल्लक म्हणजे ४ जीबी, तुमच्या वेगाने पाचएक दिवस. ८ टीबीच्या डिस्कवर तेच १० टक्के म्हणजे ८०० जीबी, तिथे कोणी वर्षभर हात लावला नाही तरी चालेल. दोन्हीकडे सारखाच भोंगा वाजवला की माणूस भोंग्याचं तोंड दाबतो. विचारायचं ते "किती भरली" याच्याऐवजी "याच वेगाने कधी भरेल".

आम्ही प्रोमिथियस (सर्व्हरवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरतो. प्रत्येक सर्व्हरवर नोड एक्सपोर्टर, तो शिल्लक बाइट देतो. प्रोमिथियसमध्ये प्रेडिक्ट-लिनियर नावाचं फंक्शन आहे, मागच्या काही तासांच्या आकड्यांतून सरळ रेघ ओढतं आणि पुढे इतक्या सेकंदांनी किती उरेल ते सांगतं. आमचा नियम असा: ४ दिवसांत शून्याखाली जाणार असेल तर कामाच्या वेळेत तिकीट, ४ तासांत जाणार असेल तर माणसाला झोपेतून उठवा. दोन्हींना "सलग अर्धा तास खरं असेल तरच" ही अट.

मात्र रेघ सरळ असते, डिस्क नसते. रात्री बॅकअपची तात्पुरती फाइल बनते आणि पहाटे उडते. ६ तासांची खिडकी (मागचे किती तास बघायचे ते) ठेवली तर रोज रात्री १ वाजता हे फंक्शन प्रलय सांगतं. बॅकअप असलेल्या सर्व्हरवर मी खिडकी दोन दिवसांची केली, तेव्हा शांतता आली.

एक्सपोर्टर फोल्डरचा आकार आपण होऊन देत नाही. त्यासाठी टेक्स्टफाइल कलेक्टर आहे: तुमची स्क्रिप्ट डीयू चालवून आकडा एका डॉट-प्रॉम फाइलमध्ये लिहिते, एक्सपोर्टर ती उचलतो. आधी तात्पुरत्या नावाने लिहा, मग एमव्हीने नाव बदला. नाहीतर अर्धवट लिहिलेली फाइल उचलली जाते.

दोन_ओळींचा_क्रॉन · मंगळवार, दुपारी १:२०

ताई, सगळं बरोबर आहे, पण चार सर्व्हरसाठी प्रोमिथियस म्हणजे उंदरासाठी तोफ झाली ना बाप्पा. मग त्या प्रोमिथियसची डिस्क भरली की काय, यावर कोण लक्ष ठेवणार?

मी नागपुरात एका दवाखान्याच्या गटाचे सात सर्व्हर बघतो. माझी पद्धत अशी. पाच-सहा फोल्डर निवडायचे, जे फुगू शकतात असेच. दर तासाला डीयू, आकडा आणि तारीख एका साध्या फाइलमध्ये शेवटी जोडायची. मग आत्ताचा आकडा वजा कालचा याच वेळचा आकडा. फरक त्या फोल्डरच्या नेहमीच्या वाढीच्या तिप्पट झाला की निरोप. बस. वर्षभराचा इतिहास काही एमबीत मावतो आणि साहेबांना दाखवायला आलेखही निघतो.

दोन गोष्टी सांभाळायच्या. स्क्रिप्टला एफलॉक (एका वेळी एकच चालू देणारं कुलूप) लावायचं, नाहीतर पहिला डीयू संपायच्या आत दुसरा सुरू होतो, मग तिसरा, आणि डिस्क भरायच्या आधी सर्व्हर झोपतो. आणि डीयूला -एक्स द्यायचं, म्हणजे तो दुसऱ्या माउंटवर (जोडलेल्या दुसऱ्या साठ्यावर) भटकत नाही. माझा एकदा नेटवर्कवरच्या एक्स-रेच्या साठ्यात शिरला होता, सोमवारी सोडलेला बुधवारी सापडला.

निरोपात "डिस्क ९० टक्के" एवढंच लिहू नका. माझा निरोप असा जातो: कोणता सर्व्हर, कोणता फोल्डर, कालपासून किती वाढला, या वेगाने कोणत्या वारी भरेल, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या तीन फायली. अर्धवट झोपेत मोबाईलवर वाचणाऱ्याला लॉगिन न करता कळलं पाहिजे की उठायचं का कूस बदलायची.

जुना_पेंग्विन · मंगळवार, दुपारी ३:१०

क्रॉनभाऊ, डीयू लहान फोल्डरला ठीक. लाखो फायली असल्या की तो एकेकीला जाऊन विचारतो "तुझं वजन किती", आणि ते उत्तर डिस्कवरून आणावं लागतं. डेटाबेस त्याच डिस्कवर असेल तर त्याला धाप लागते. आयओनाइस (डिस्कच्या रांगेत मागे ठेवणारी आज्ञा) लावून सगळ्यात खालच्या वर्गात टाकला तरी काही शेड्युलर (ती रांग लावणारे) त्याला जुमानत नाहीत. झॅबिक्स या लक्ष ठेवायच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फोल्डरच्या आकाराचा तयार आयटम आहे, पण एजंटचा मूळ टाइमआउट ३ सेकंदांचा. मोठ्या फोल्डरला कायम "आयटम चालत नाही" असं दिसतं आणि लोक झॅबिक्सला शिव्या घालतात.

एक्सएफएस या फाइल सिस्टिमवर प्रोजेक्ट कोटा लावा. फोल्डरला एक क्रमांक द्यायचा, त्याखाली जे लिहिलं जाईल त्याचा हिशोब फाइल सिस्टिमच लिहितानाच ठेवते. आकडा विचारला की लगेच मिळतो, १० फायली असोत की १ कोटी. एक्स्ट-४ मध्येही २०१६ च्या कर्नल ४.५ पासून ही सोय आहे. आणि हवं तर मर्यादाही घालता येते: लॉगचा फोल्डर ५ जीबीच्या वर गेला की त्यालाच लिहायला नकार, बाकी डिस्क सुखरूप.

त्याहून सोपं म्हणजे लॉगला वेगळं पार्टिशन. भिंत घातली असती तर २७ जीबीचा लॉग स्वतःच्याच खोलीत गुदमरला असता, पावत्या निघत राहिल्या असत्या. आम्ही हे १९९९ साली करत होतो, मग सगळं एका रूटमध्ये टाकायची फॅशन आली.

पहाटेची_ड्यूटी · मंगळवार, दुपारी ३:२५

आणि लॉगला लिहिता आलं नाही म्हणून काट्याचा प्रोग्रॅमच कोसळला असता तर? मी बघितलेत असे प्रोग्रॅम. भिंत घाला, पण भिंतीपलीकडे काय होतं ते हंगामाआधी एकदा मुद्दाम डिस्क भरून बघा. फॉलोकेट नावाची आज्ञा क्षणात १० जीबीची फाइल बनवून देते. अलर्ट येतो का, कोणाला येतो, प्रोग्रॅम काय करतो, सगळं दिवसाउजेडी कळतं.

जुना_पेंग्विन · मंगळवार, दुपारी ३:२६

हे मान्य.

शेताच्या_बांधावरून · मंगळवार, संध्याकाळी ६:४०

तुमच्या लॉगची एवढी काळजी, आमच्या उसाची कोण करणार? दर खेपेला बाहेरच्या काट्यावर वजन केलं की फरक येतो. तुमचा सर्व्हर सेकंदाला १० रीडिंग घेतो म्हणता, मग एकदा ती सगळी आम्हाला दाखवा की.

काट्यावरचा · मंगळवार, संध्याकाळी ७:३०

दादा, माझे वडीलही ऊसच लावतात, तेव्हा राग कळतो. रीडिंगच्या धोरणावर माझ्यासारख्याचं काही चालत नाही. पण तुमच्या बोलण्याने एक गोष्ट डोक्यात आली. तो २७ जीबीचा लॉग मी जसा उडवला तसं परत कधी करणार नाही. वजनाच्या वादात उद्या कोणी मागितला असता तर? आता कॉम्प्रेस करून बाहेरच्या डिस्कवर टाकतो. असा एकसारखा मजकूर दाबला की अगदी थोडक्यात बसतो.

चहाबिस्किट · मंगळवार, संध्याकाळी ७:३४

धाग्याला उसाचा रस सुटायला लागला. मूळ विषयावर या मंडळी.

ऱ्हाइनकाठचा · मंगळवार, रात्री ११:५५

जर्मनीत एका कंपनीत पोस्टग्रेस डेटाबेस सांभाळतो. वर कोणी हे लिहिलं नाही म्हणून लिहितो: सगळ्याच फुगलेल्या फायली उडवायच्या नसतात.

पोस्टग्रेसमध्ये पूर्वी पीजी-एक्सलॉग नावाचा फोल्डर होता. डिस्क भरली की लोकांना तो दिसायचा, नावात "लॉग" आहे म्हणजे कचरा समजून उडवायचे, आणि डेटाबेसचा मुडदा पडायचा. तो लॉग म्हणजे व्यवहारांची वही असते, क्रॅशनंतर डेटाबेस तिच्यावरूनच उभा राहतो. २०१७ च्या १० व्या आवृत्तीत शेवटी त्यांनी नावच बदलून पीजी-वॉल केलं. हा फोल्डर फुगला तर कारण दुसरीकडे शोधायचं: बहुतेकदा बंद पडलेल्या रेप्लिकाचा (डेटाबेसच्या दुसऱ्या प्रतीचा) स्लॉट, म्हणजे तिच्यासाठी वॉल राखून ठेवणारी नोंद, तसाच राहिलेला असतो, नाहीतर आर्काइव्हची आज्ञा फसत असते. १३ व्या आवृत्तीपासून स्लॉटसाठी किती वॉल राखायचा याला कमाल मर्यादा घालता येते. मूळ सेटिंग अमर्याद आहे, म्हणजे स्वतः घालावी लागते.

मायएसक्यूएल डेटाबेस वापरत असाल तर बिनलॉग (त्याच्या बदलांची नोंद) बघा. ८.० मध्ये ते मुळातच ३० दिवसांनी उडतात, ५.७ मध्ये कधीच उडत नव्हते. तिथेही आरएम नाही, पर्जची आज्ञा द्यायची.

आणि साहेब लोकांना हा विषय किरकोळ वाटत असेल तर टोयोटाचं उदाहरण द्या. २९ ऑगस्ट २०२३ ला जपानमधल्या त्यांच्या १४ कारखान्यांतल्या २८ असेंब्ली लाइन थांबल्या. आधी सायबर हल्ल्याची शंका आली. नंतर कंपनीनेच जाहीर केलं: २७ तारखेच्या देखभालीत डेटाबेसमधला साठलेला डेटा काढून नीट लावताना डिस्कची जागा कमी पडली, सुट्या भागांच्या ऑर्डरची प्रणाली बंद पडली. बॅकअपचा सर्व्हरही त्याच प्रणालीवर, त्यामुळे तोही त्याच कारणाने गेला. म्हणजे साफसफाई करतानाच जागा संपली. साफसफाईलाही जागा लागते हे अलर्टचा आकडा ठरवताना धरा.

खर्डेघाशी · बुधवार, सकाळी ११:१०

सगळे मोठ्या फायलींबद्दल बोलताय. मला ज्या फाइलने रडवलं ती २० बाइटची होती.

रोज रात्री डेटाबेसचा डम्प (पूर्ण प्रत) घेऊन जीझिपमध्ये (दाबून लहान करणाऱ्या आज्ञेत) ओतायची स्क्रिप्ट. फाइल रोज बनत होती, तारीख रोज नवी. डम्पच्या युजरचा पासवर्ड बदलला तेव्हापासून डम्प आतून रिकामा. रिकाम्या प्रवाहाला जीझिप केलं की बरोबर २० बाइट होतात, आणि शेलच्या पाइपचा निकाल शेवटच्या आज्ञेवरून ठरत असल्याने स्क्रिप्ट म्हणते "यशस्वी". पाइपफेल (मधली आज्ञा फसली तरी सांगणारा पर्याय) लावलं नव्हतं. सात आठवडे २० बाइटच्या फायली छान रांगेत. एक रेकॉर्ड परत हवं झालं तेव्हा कळलं.

असंच गिटलॅब या प्रोग्रॅमचा कोड साठवणाऱ्या कंपनीचं ३१ जानेवारी २०१७ ला झालं होतं. एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेसचाच फोल्डर उडवला, ३०० जीबीतले साडेचार उरले. मग बॅकअप शोधले तर डम्पची आवृत्ती ९.२ आणि डेटाबेस ९.६, त्यामुळे डम्प फसत होता आणि साठ्यात काहीच नव्हतं. फसल्याचे मेल जात होते, पण डीमार्कच्या (मेल खरा कोणाचा ते तपासायच्या पद्धतीच्या) सहीविना असल्याने समोरचा मेल सर्व्हर ते परत ढकलत होता. काट्यावरचा, तुमचं तरी फोल्डरपर्यंत पोचत होतं.

आता माझा नियम खालूनही आहे. बॅकअप कालच्यापेक्षा २० टक्क्यांहून लहान झाला की बोंब. लॉग फाइल तासभर वाढलीच नाही तरी बोंब, कारण मग बहुतेक प्रोग्रॅम मेलेला असतो.

भिंगरी · बुधवार, दुपारी १२:०२

आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी एक नोंद) विसरू नका कोणी! डीएफला -आय द्या. आमच्या कॉलेजच्या पोर्टलवर जागा ६० टक्के रिकामी आणि तरी "नो स्पेस लेफ्ट". पीएचपीच्या सेशनच्या फायली साठून आयनोड संपले होते. एक्स्ट-४ मध्ये आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, मुळात दर १६ केबीमागे एक. नंतर वाढवायचे तर फाइल सिस्टिमच मोठी करावी लागते. निकालाच्या दिवशी झालं हे, अर्थातच.

ऱ्हाइनकाठचा · बुधवार, दुपारी ३:४५

फायलींच्या संख्येने मंगळावरही घोळ घातलाय. नासाचा स्पिरिट रोव्हर २१ जानेवारी २००४ ला, उतरून तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा गप्प झाला. फ्लॅश मेमरीत इतक्या फायली साठल्या होत्या की त्यांची यादी उघडायला रॅम पुरेना. रीबूट, परत तेच, परत रीबूट, असं साठाहून जास्त वेळा. शेवटी पृथ्वीवरून आज्ञा देऊन फ्लॅशविना सुरू केला आणि मग फायली उडवल्या. तिथे पहाटे २:५० ला फोन करायलाही कोणी नव्हतं.

दोन_ओळींचा_क्रॉन · बुधवार, रात्री ९:१५

निरोप पोचवण्याबद्दल. एसएमएसच्या गेटवेच्या नादी लागलात तर डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या सक्तीच्या नोंदणीवर) संस्था नोंदवा, हेडर नोंदवा, टेम्प्लेट मंजूर करून घ्या, आणि टेम्प्लेटमधला एक शब्द बदलला की परत पहिल्यापासून. त्यात हंगाम संपेल तुमचा. इंटरनेटचा भरवसा नाही म्हणता तर जुना यूएसबी डोंगल घ्या, त्यात सिम टाका आणि गम्मू नावाचं मोफत सॉफ्टवेअर लावा. सर्व्हर सरळ मोबाईलवर एसएमएस टाकतो. सिमचं रिचार्ज संपलं की तेही मरतं, म्हणून दर सोमवारी सकाळी १० ला एक "मी जिवंत आहे" असा एसएमएस स्वतःलाच पाठवायचा.

डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) कोणी वापरत असेल तर त्याच्या मूळ लॉगला फिरवाफिरवीच (जुना लॉग बाजूला काढून नवा सुरू करणं) नसते, मॅक्स-साइज स्वतः घालावा लागतो. जर्नलडीचं (लिनक्सच्या स्वतःच्या लॉगवाल्याचं) तसं नाही, तो डिस्कच्या १० टक्क्यांवर किंवा ४ जीबीवर, जे कमी असेल तिथे थांबतो.

काट्यावरचा · गुरुवार, सकाळी ८:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रिंट काढून भिंतीला लावलाय धागा. विंडोजवर काय करू, तेवढं कोणी सांगा.

भिंगरी · गुरुवार, सकाळी ९:२०

विंडोज सर्व्हरमध्ये फाइल सर्व्हर रिसोर्स मॅनेजर नावाचा भाग येतो, फक्त चालू करावा लागतो. फोल्डरला सॉफ्ट कोटा द्या: अडवत नाही, ठरलेल्या टक्क्याला मेल पाठवतो किंवा तुमची स्क्रिप्ट चालवतो. त्या ८३ टक्केवाल्याला मात्र आधी ९५ वर नेऊन ठेवा!

काट्यावरचा · २४ दिवसांनी, रविवार, संध्याकाळी ५:१५

धागा वर काढतोय, कारण शेवटी काय केलं ते सांगायचं राहिलं.

प्रोमिथियस नाही लावला, पोराला आणि मला दोघांना जमेल एवढंच केलं. डीबग लॉग बंद. काट्याचा प्रोग्रॅम आता साध्या युजरने चालतो (डायलआउटची युक्ती लागू पडली, सॉफ्टवेअरवाल्यांनी "आम्ही हेच सुचवणार होतो" असं सांगितलं). लॉगला १० जीबीचं वेगळं पार्टिशन. एका रविवारी गाळप बंद असताना फॉलोकेटने ते मुद्दाम भरलं. पहाटेची_ड्यूटी, तुमची शंका खरी निघाली: लॉगला जागा नाही म्हटल्यावर प्रोग्रॅम कोसळला. आता लॉगरोटेट (लॉग फिरवणारा प्रोग्रॅम) दर तासाला चालतो. आधी तो दिवसातून एकदाच चालायचा, म्हणजे "१०० एमबी झाली की फिरव" लिहूनही बघणारा रात्री एकदाच यायचा.

क्रॉनभाऊंची स्क्रिप्ट आणि डोंगल लावलं. निरोप मला, पोराला आणि काट्याच्या क्लार्कला जातो. तिसऱ्याच आठवड्यात खरा अलर्ट आला, दुपारी ४ वाजता, चहाच्या वेळी! काट्यावरच्या कॅमेऱ्याच्या फोटोंचा फोल्डर रोजच्या पाचपट वाढला होता. कॅमेरा बदलताना कोणीतरी फोटोचा आकार कमाल करून ठेवला होता. दहा मिनिटांत मिटलं, वर कोणाला कळलंही नाही.

या फोटोंच्या फोल्डरवर डीयूला १४ मिनिटं लागत होती. पोराने डोकं चालवलं. फोटो तारखेच्या फोल्डरात जातात आणि काल संपलेला दिवस परत बदलत नाही. म्हणून मागच्या दिवसांचे आकडे एकदाच मोजून लिहून ठेवले, दर तासाला फक्त आजचा फोल्डर मोजायचा. आता ४ सेकंद. जुन्या तारखांची फेरमोजणी आठवड्यातून एकदा.

एक गोष्ट अजून सुटली नाही. खर्डेघाशींचा "लॉग तासभर वाढला नाही तर बोंब" हा नियम लावलाय. परवा यंत्रांच्या सफाईसाठी गाळप बंद होतं, गाड्या नाहीत, म्हणून लॉगही गप्प. रात्रभर दर तासाला एसएमएस. पहाटे क्लार्कचा फोन: "साहेब, काटा चांगला हाय, कारखानाच बंद हाय. त्याला सांगा की कुणीतरी."

कोणाला सांगायचं आणि कसं?

पहाटेची_ड्यूटी · रविवार, संध्याकाळी ६:०२

गाड्यांच्या लॉगवर विसंबू नका. काट्याच्या प्रोग्रॅमला दर पाच मिनिटांनी एका छोट्या फाइलला टच करायला (तिची वेळ ताजी करायला) लावा, गाडी असो वा नसो. तिची वेळ जुनी झाली तरच बोंब. सॉफ्टवेअरवाले तयार झाले नाहीत तर गेटपासच्या सर्व्हरवर आज टोकन निघालीत का ते बघा. टोकन निघाली आणि लॉग गप्प, तरच एसएमएस.

काट्यावरचा · रविवार, संध्याकाळी ६:१०

टोकनवालं करतो. सॉफ्टवेअरवाले परत "आम्ही हेच सुचवणार होतो" म्हणतील.